शब्दचर्चा : मसल कारची चाकं – रिम, डिस्क, मॅग, ऑफसेट आणि नायलॉन

मिशिगनवासी :

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी १९६९ च्या शेव्हरोले शेव्हेल एसएस ३९६ या मसल कारवर, म्हणजे दणकट ताकदीचं इंजिन असलेल्या अमेरिकन गाडीवर, लेख लिहितो आहे. गाडी शेजाऱ्यांची. तिच्यासाठी नवी रिम आणि टायर निवडायचं काम चालू आहे, आणि लेखाचा निम्मा भाग त्या निवडीवरच आहे. इंजिन, गिअरबॉक्स, क्लच हे शब्द मराठीत रुळलेले आहेत, तिथे अडत नाही. चाकांच्या मापांपाशी मात्र एकेका शब्दाचा नीट विचार करावा लागतो आहे, कारण इथे प्रत्येक शब्द म्हणजे एक मोजमाप आहे. शब्द सैल राहिला तर वाचणारा भलतंच माप घेऊन दुकानात जाईल.

पहिली अडचण 'चाक' याच शब्दाची. आपण रिम आणि टायर मिळून चाक म्हणतो. मग 'चौदाचं चाक' म्हटल्यावर १४ इंच नक्की कशाचे? या गाडीला कारखान्यातून १४ बाय ७ ची रिम आणि एफ७०-१४ मापाचे टायर येत. टायरची बाहेरून उंची २६ इंचांहून जास्त. १४ हा रिमचा व्यास, तोही टायरची कड जिथे बसते तिथला; ७ ही तिची रुंदी. म्हणून लेखात 'चाक' हा शब्द फक्त संपूर्ण जोडीसाठी ठेवावा आणि मापं सांगताना कायम 'रिम' किंवा 'टायर' असंच लिहावं, असं मला वाटतं. पटतंय का?

दुसरी अडचण बॅकस्पेसिंग आणि ऑफसेटची, म्हणजे रिम किती आत-बाहेर बसते ते सांगणाऱ्या मापांची. मराठीत 'ऑफसेट' म्हटलं की छापखानाच डोळ्यांपुढे येतो. तिसरी, बायस-प्लाय टायर. याला कुणी काही म्हणतं का?

साताऱ्याचा मेकॅनिक :

रिमबद्दल पटलं. फक्त आमच्याकडे पत्र्याच्या रिमला 'डिस्क' म्हणतात. 'डिस्क वाकली' म्हणजे रिम वाकली. तुमच्या लेखात डिस्क ब्रेकही येणार असतील, तर हा शब्द टाळा, वाचणारा गोंधळेल. अलॉयच्या रिमला 'मॅग व्हील' म्हणतात, जुनी माणसं 'मॅकव्हील' म्हणतात.

बायस-प्लायला आमच्याकडे सरळ 'नायलॉन' म्हणतात. ट्रकवाल्याला विचारा, तो टायरच्या दोनच जाती सांगेल : नायलॉन आणि रेडियल. तुम्ही 'नायलॉन टायर' लिहा, सगळ्यांना कळेल.

मिशिगनवासी :

'डिस्क'ची सूचना फार मोलाची. या गाडीच्या बाबतीत तो गोंधळ खरंच झाला असता, कारण मोठे आधुनिक डिस्क ब्रेक बसवायचे तर १४ ची रिम पुरत नाही, ब्रेकची चकती दाबणारा कॅलिपर रिमला आतून लागतो. तेच वाक्य 'डिस्क' हा शब्द दोन अर्थांनी वापरून लिहिलं तर अनर्थ.

'मॅग' ऐकून आनंद झाला, कारण तो शब्द थेट याच गाड्यांच्या जगातून आलेला आहे. अमेरिकेत शर्यतीच्या गाड्यांना मॅग्नेशियमच्या ओतीव रिम असत, म्हणून 'मॅग'. अमेरिकन रेसिंग कंपनीची पाच आऱ्यांची टॉर्क-थ्रस्ट रिम सुरुवातीला मॅग्नेशियमचीच होती. पुढे धातू बदलून ॲल्युमिनियम आलं, नाव तेच राहिलं. क्रॅगर एसएस ही रिम तर पोलादी रिमवर ॲल्युमिनियमचा मधला भाग जोडलेली, क्रोमचा मुलामा दिलेली; तरी तिलाही लोक मॅगच म्हणत. साताऱ्यात जो शब्द चालतो तोच डेट्रॉइटमध्ये चालायचा, तेव्हा तो बिनदिक्कत वापरतो.

'नायलॉन' मात्र इथे चालणार नाही, आणि कारण सांगतो. नायलॉन हे धाग्याचं नाव आहे. बायस-प्लाय ही विणीची रचना. टायरच्या आतले धाग्यांचे थर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत तिरके जातात आणि एकमेकांना छेदतात, ते बायस-प्लाय. ते थर कडेपासून कडेपर्यंत सरळ आडवे जातात आणि वर नक्षीखाली वेगळा पट्टा असतो, ते रेडियल. या दोहोंच्या मधली एक जात साठच्या दशकाच्या उत्तरार्धात मसल कारना आली : थर तिरकेच, पण वर पट्टा. गुडइयरचा पॉलिग्लास याच जातीचा. त्याचे थर पॉलिएस्टरचे आणि पट्टा काचतंतूंचा. त्याला 'नायलॉन टायर' म्हटलं तर साफ चूक ठरेल. ट्रकच्या टायरला आपल्याकडे ते नाव योग्यच आहे.

मी 'तिरक्या थरांचा टायर' आणि 'पट्ट्याचा तिरका टायर' असं लिहायच्या विचारात आहे.

विदर्भकन्या :

बैलगाडीचे शब्द विसरलात का सगळे? चाकाचा मधला भाग तुंबा, त्यातून निघतात ते आरे, आणि बाहेरून चढवलेली लोखंडी पट्टी म्हणजे धाव. हब, स्पोक, टायर, तिन्हींना शब्द आहेत. आमच्या गावी धाव तापवून लाल करून चढवायचे आणि वर पाणी ओतायचे, ती आवळून बसायची.

मिशिगनवासी :

ताई, 'आरे' मी आधीच वापरले, वर पाहा. 'पाच आऱ्यांची रिम' म्हटल्यावर चित्र लगेच उभं राहतं. 'तुंबा'सुद्धा घेतो, पण एकदाच, हबची ओळख करून देताना. 'धाव' घेता येत नाही. धावेला जाडी असते, पण हवेने फुगणारी भिंत नसते, आणि मसल कारच्या टायरची अर्धी कहाणी त्या भिंतीच्या उंचीची आहे.

चौकस :

एफ७०-१४ मधला 'एफ' म्हणजे रुंदी का? आणि ७०?

मिशिगनवासी :

रुंदी नाही, हा समज फार पसरलेला आहे. अक्षर हे भारक्षमतेचं : ई पेक्षा एफ जास्त वजन पेलतो, एफ पेक्षा जी. ७० म्हणजे भिंतीची उंची टायरच्या रुंदीच्या ७० टक्के. म्हणून एफ७०-१४ आणि फोर्डच्या बॉस ३०२ मस्टँगचा एफ६०-१५ यांचं अक्षर एक, पण दुसरा जास्त रुंद आणि बुटक्या भिंतीचा. त्याआधीच्या मापात, म्हणजे १९६४ च्या पॉन्टियॅक जीटीओच्या ७.५०-१४ सारख्या, पहिला आकडा इंचातल्या रुंदीचा होता आणि भिंतीचं प्रमाण लिहिलेलंच नसे. आजच्या २२५/७०आर१४ मध्ये रुंदी मिलिमीटरमध्ये, भिंत टक्क्यांत आणि रिम इंचात! 'ॲस्पेक्ट रेशो'ला मी 'भिंतीचं प्रमाण' म्हणतो आहे.

मोजपट्टी :

मी यंत्र अभियंता आहे. ऑफसेटबद्दल कळकळीने लिहितो, कारण या एका शब्दावरून लोक महागड्या रिम घेऊन पस्तावतात.

रिमचा जो पृष्ठभाग हबला टेकतो त्याला 'टेकण' म्हणू. टेकणापासून रिमच्या आतल्या कडेपर्यंतचं अंतर म्हणजे बॅकस्पेसिंग. रिमच्या मध्यरेषेपासून टेकणापर्यंतचं अंतर म्हणजे ऑफसेट. एकच गोष्ट, मोजायची सुरुवात वेगळी. जुन्या अमेरिकन गाड्यांच्या जगात बॅकस्पेसिंग इंचात सांगतात, बाकी जगात ऑफसेट मिलिमीटरमध्ये.

उदाहरण घ्या. १५ बाय ७ ची रिम. ७ हे टायरच्या दोन कडा बसतात त्यांच्यामधलं अंतर. रिमच्या बाहेरच्या ओठापासून ओठापर्यंत साधारण ८ इंच भरतात. त्याचं अर्धं ४. बॅकस्पेसिंग सव्वाचार असेल तर ऑफसेट पाव इंच, म्हणजे धन ६ मिलिमीटर. आता धन म्हटल्यावर लोकांना वाटतं चाक बाहेर येणार. उलट आहे : धन वाढला की चाक आत, सस्पेन्शनकडे जातं.

खरी गंमत रिम रुंद केल्यावर. तीच रिम १५ बाय ८ ची घेतली आणि बॅकस्पेसिंग सव्वाचारच ठेवलं, तर वाढलेला अख्खा इंच बाहेर, मडगार्डच्या कडेकडे जातो. तेच ऑफसेट धन ६ ठेवलं, तर अर्धा इंच आत आणि अर्धा बाहेर. 'माप तेच ठेवलं' हे वाक्य यातल्या कुठल्याही अर्थाने बोललं जातं. म्हणून मराठीत शब्द कुठलाही घ्या, पण त्या वाक्यात 'कुठून कुठपर्यंत' हे आलंच पाहिजे.

साताऱ्याचा मेकॅनिक :

'टेकण' झकास. आणि मी म्हणेन, 'आत घासतो' आणि 'बाहेर घासतो' हेच शब्द वापरा. गॅरेजात माणूस तेच बोलतो. पुढे स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून बघायचं, मागे गाडीत माणसं बसवून बघायचं.

पीसीडीचं, म्हणजे बोल्ट ज्या वर्तुळावर बसतात त्याच्या व्यासाचं, काय?

मिशिगनवासी :

'बोल्टचं वर्तुळ'. शेव्हेलला पाच बोल्ट, वर्तुळ पावणेपाच इंच, म्हणजे १२०.६५ मिलिमीटर. मस्टँगचं साडेचार इंच, ११४.३. बऱ्याच बीएमडब्ल्यूंचं १२० असतं, आणि ती रिम शेव्हरोलेला 'बसते' असं सांगणारे भेटतात. ०.६५ चा फरक नट आवळताना लपतो, म्हणून लेखात तो ठळक लिहिणार आहे.

मोजपट्टी यांचं म्हणणं पूर्ण पटलं. बॅकस्पेसिंग आणि ऑफसेट दोन्ही तसेच ठेवून पहिल्यांदा 'टेकणापासून आतल्या कडेपर्यंत' असा खुलासा जोडतो.

चौकस :

शेवटी ठरलं काय? आणि १७ ची रिम का नाही?

मिशिगनवासी :

आधी टायरची बाहेरची उंची ठरवली, रिम नंतर. मूळच्या एफ७०-१४ च्या जवळचा आजचा २२५/७०आर१४ साधारण २६.४ इंच भरतो. पुढे १५ बाय ७ वर २३५/६०आर१५, उंची २६.१. मागे १५ बाय ८ वर २५५/६०आर१५, उंची २७ च्या किंचित वर. मागचा टायर मूळच्यापेक्षा अडीच टक्के उंच, म्हणून स्पीडोमीटरवर ६० दिसेल तेव्हा खरा वेग साडेएकसष्टच्या आसपास असेल. बॅकस्पेसिंग पुढे ४, मागे साडेचार. हे आकडे बहुतेक शेव्हेलना चालतात, तरी आधी पट्टी लावून मोजायचंच. १७ वरही २५५/४५आर१७ घेऊन २६ इंच साधता येतात आणि मोठे ब्रेक बसतात, पण भिंत इतकी बुटकी होते की टायरवरच्या पांढऱ्या उठावाच्या अक्षरांना जागाच उरत नाही. या गाडीला ती अक्षरं हवीतच, हे माझं ठाम मत.

पुढे-मागे वेगळ्या मापांना इथे 'स्टॅगर्ड' म्हणतात. मी 'मागे रुंद' लिहितो आहे.

विदर्भकन्या :

मग स्टेपनी कुठल्या मापाची? आणि तो शब्द तिकडे कळतो का?

मिशिगनवासी :

इथे कुणालाच कळत नाही. वेल्समधल्या लानेल्ली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या जादा चाकाला ते नाव पडलं, आणि आपल्याकडे ते टिकलं. लेखात स्टेपनीच लिहिणार.

माप पुढच्या टायरचं ठेवायचं. अरुंद चाक चारही जागी मावतं, रुंद चाक पुढे घासेल. एक अट मात्र लिहायला हवी : या गाडीला पॉझिट्रॅक्शन असेल, म्हणजे मागची दोन्ही चाकं एकमेकांशी जखडणारा डिफरेन्शियल, तर मागे एका बाजूला जवळपास एक इंच बुटका टायर लावून लांब जायचं नाही. दोन्ही चाकं सतत वेगवेगळ्या गतीने फिरतात आणि आतल्या क्लचच्या चकत्या तापून झिजतात. पंक्चरच्या दुकानापर्यंत, हळू, तेवढंच.