गाण्याच्या व्हिडिओत गोष्ट हवीच का?

पहिला_टेक (धागाकर्ती)
कोर्सच्या प्रोजेक्टसाठी आम्ही चौघं गाण्याचा व्हिडिओ करतोय. गाणं वर्गातल्याच मुलीचं, ३ मिनिटं ४० सेकंदांचं, घर सोडून जाण्याबद्दल. माझ्या डोक्यात गोष्ट तयार आहे: मुलगी, आई, धाकटा भाऊ. मुलगी बॅग भरतेय, मधेमधे लहानपण, शेवटी दार. गटातले दोघं म्हणतात, गोष्ट नको, गाणारीलाच दाखवू. मला हा चक्क आळशीपणा वाटतो. तुमचं मत?

कात्री_हातात
मी त्या दोघांच्या बाजूने. ३:४० म्हणजे २२० सेकंद. सरासरी ३ सेकंदांचा शॉट धरला तर सत्तरेक शॉट झाले, संवाद शून्य. ही बाई म्हणजे आई, एवढं कळेपर्यंतच एक कडवं संपेल. वर लहानपण, म्हणजे आणखी दोन पोरं शोधा. आम्ही मागच्या वर्षी हाच घाट घातला होता. छोटा दुसऱ्या दिवशी केस कापून आला. अख्खा फ्लॅशबॅक कचऱ्यात.

धूसर_काच
केस कापले म्हणून गोष्टच नको? हे म्हणजे अतीच!

नुसतं गाणारीला दाखवायला ती कॅमेऱ्यासमोर मोकळी लागते. नवख्यांना हातांचं काय करायचं तेच समजत नाही. हाताला काम दिलं की चेहरा सैल होतो, आणि काम आलं की गोष्ट आलीच.

फक्त माणसं कमी करा. मुलगी आणि बॅग, बास. बॅग बंद होत नाहीये. ती वर बसते, चेन ओढते, अडकते. ध्रुवपद तीनदा येत असेल तर दर वेळी एक वस्तू बाहेर. पहिल्यांदा जाड स्वेटर, न बघता फेकलेला. दुसऱ्यांदा पुस्तक, जरा चाळून. तिसऱ्यांदा एक जुना शर्ट, ज्याच्या उसवलेल्या खिशाला कुणीतरी भलत्याच रंगाच्या दोऱ्याने टाके घातलेत. तो ती परत आत ठेवते. झाली आई, न दाखवता.

आणि गाण्यात पाऊस आला की खिडकीवर पाणी, असलं काही करू नका, प्लीज.

कात्री_हातात
शर्ट आवडला. पण मग गाणारी आणि बॅग भरणारी एकच का? एकच असेल तर बॅग भरताना ती गाणार? मला ते नेहमी खोटं वाटतं.

धूसर_काच
एकच. बॅगेपाशी ओठ बंद. गाते ती त्याच खोलीत, पण सामान हलवून झाल्यावर, रिकाम्या भिंतींसमोर. म्हणजे जाणार की नाही हा प्रश्नच उरत नाही, कशी गेली एवढंच बघायचं.

सुरेल_बेसूर
वाद चालू द्या, कामाचं सांगतो. शूटिंगच्या वेळी गाणं मोठ्याने लावा आणि तिला खरंच गायला लावा. नुसते ओठ हलवले तर गळा हलत नाही, चोरी लगेच पकडली जाते. संथ हालचाल हवी असेल तर गाणं दुप्पट वेगाने वाजवून सेकंदाला ४८ फ्रेमवर (म्हणजे ४८ चित्रं) शूट करा. तेच सेकंदाला २४ फ्रेमवर लावलं की हालचाल निम्म्या वेगाने दिसते आणि ओठ मूळ गाण्याशी जुळतात. पण दुप्पट वेगाने गायची तालीम आधी करून घ्या, जीभ वळत नाही. सुरुवातीलाच अख्ख्या गाण्याचे दोन-तीन सलग टेक घेऊन ठेवा. गोष्ट फसली तरी एडिटला हाताशी काहीतरी राहतं.

पहिला_टेक
म्हणजे गोष्ट फसणार हे सगळ्यांनी गृहीतच धरलंय! भाऊ आणि लहानपण काढलं, जा. आई काढणार नाही. मोबाईलवर बघणाऱ्याला ते टाके दिसतील, पण कुणी घातले ते कसं कळणार? सुरुवातीच्या १५ सेकंदांत नुसती वाद्यं आहेत, तिथे तिचे फक्त हात ठेवते. सुई, दोरा, खिसा. चेहरा नाही.

कात्री_हातात
हात चालतील. फक्त त्या हातवालीला बजावून ठेवा, शूट संपेपर्यंत नेलपॉलिश बदलायचं नाही.