तळ न दिसणाऱ्या तळ्याची भीती

प्रश्न: मला पोहता येते आणि पोहण्याच्या तलावात मी निर्धास्त असते, मात्र एखाद्या काळ्याशार, निश्चल तळ्याच्या काठाशी गेले की खाली काहीतरी दबा धरून बसले आहे असे वाटून पाय मागे सरतात. ही भीती खोलीची की न दिसण्याची?

प्रतिसाद १: माझ्या मते न दिसण्याचीच. पाणी तांबडा प्रकाश आधी शोषते आणि कुजलेल्या पालापाचोळ्यातून उतरलेली द्रव्ये उरलेला प्रकाश अडवतात, त्यामुळे जेमतेम पुरुषभर खोल तळेही अथांग भासते. शिवाय उन्हाळ्यात वरचे कोमट, हलके पाणी खालच्या थंड पाण्यात सहसा मिसळत नसल्याने पायांना अचानक गार थर लागतो, आणि घाबरलेल्या मनाला तेवढे निमित्त पुरते.

प्रतिसाद २: तरीही प्रत्येक गूढ तळ्याला हसण्यावारी नेऊ नये. कॅमेरूनमधील न्योस सरोवराच्या तळाशी साठलेला कार्बन डायऑक्साइड २१ ऑगस्ट १९८६ रोजी उसळून बाहेर पडला आणि सुमारे १,७०० माणसे गुदमरून मरण पावली. पुढे तेथे उभ्या नळ्या बसवून वायू हळूहळू सोडण्यात आला. अशी सरोवरे अर्थातच फार थोडी आहेत.

प्रतिसाद ३: भीती मोडण्यासाठी एकदम उडी मारण्याचा सल्ला (तो देणारे बहुधा काठावरच असतात) मानू नका, कारण थंड पाण्याच्या धक्क्याने श्वास अनावर होतो. आधी काठावर बसणे, मग सोबतीने गुडघाभर पाण्यात उतरणे, असे टप्प्याटप्प्याने जावे. त्रास फार असेल, तर मानसोपचारतज्ज्ञ हीच पद्धत वापरतात.