मदत हवी आहे: आई-अप्पांसाठी केनियाची ईटीए, आईच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा

नमस्कार मंडळी,

आम्ही मूळचे खानापूर तालुक्यातले, सध्या बेळगावात शहापूरला राहतो. धाकटी बहीण आणि दाजी नोकरीनिमित्त नैरोबीला असतात. बहिणीचं पहिलंच बाळंतपण आहे आणि ते तिकडेच होणार आहे. आई-अप्पांनी निदान महिनाभर तिच्याजवळ जाऊन राहावं असं आम्हा सगळ्यांना मनापासून वाटतं. दोघं कधी विमानात बसलेली नाहीत. आईला मराठी आणि कानडी वाचता येतं, अप्पांना इंग्रजी जेमतेम. त्यामुळे नैरोबीच्या विमानतळावर उतरल्यावर अधिकाऱ्याने कागदावर बोट ठेवून काही विचारलं तर दोघं गोंधळतील, ही मला सगळ्यात मोठी काळजी. म्हणून एकही कागद लंगडा राहू नये असं बघतोय.

आतापर्यंत एवढं समजलंय. केनियाने जानेवारी २०२४ पासून व्हिसा बंद करून भारतीयांसह बहुतेक परदेशी प्रवाशांसाठी ईटीए, म्हणजे प्रवासाची ऑनलाइन पूर्वपरवानगी सुरू केली. मूळ फी ३० डॉलर, ती परत मिळत नाही. नवरा-बायको असले तरी परवानगी प्रत्येकाची वेगळी. पासपोर्ट पोहोचल्या दिवसापासून पुढे किमान सहा महिने चालणारा हवा, तो दोघांचाही आहे.

अडलंय ते आईच्या नावापाशी. तिच्या पासपोर्टवर तिचं नाव, अप्पांचं नाव आणि आडनाव असं सगळं एकाच रकान्यात छापलंय, आडनावाचा रकाना कोरा. आपल्या भागातल्या बऱ्याच बायकांच्या पासपोर्टवर असंच असतं म्हणे. तिकीट काढायला गेलो की आडनाव मागतात. मग फॉर्मवर काय लिहायचं आणि तिकिटावर काय?

अप्पांच्या पासपोर्टवर जन्मस्थळ बेळगावच्या जुन्या इंग्रजी स्पेलिंगने आहे, आधारवर नव्या. याने काही अडतं का?

हॉटेल बुकिंग मागतात, पण दोघं लेकीच्याच घरी राहणार. तिथे काय जोडायचं?

शिवाय पिवळ्या तापाची लस. ती बेळगावात मिळेल का, आणि अप्पा साठीच्या पुढचे आहेत, त्यांना द्यावी का? ईटीए भरण्याआधी लस उरकून घ्यावी म्हणतोय.

कुणी अलीकडे जाऊन आलं असेल तर कृपया सविस्तर लिहा. बाळंतपण दिवाळीनंतर आहे, हाताशी वेळ आहे.

निपाणीवाला:

वेळ आहे म्हणताय तर आईंचा पासपोर्ट आधी दुरुस्त करून घ्या. पासपोर्ट सेवेच्या फॉर्मवर रीइश्यू, म्हणजे जुन्याच्या जागी नवा पासपोर्ट, निवडलं की तपशिलातल्या बदलांत नावाची फोड करण्याची सोय आहे. नाव एका रकान्यात, आडनाव दुसऱ्यात असा नवा पासपोर्ट मिळतो. ३६ पानी पासपोर्टची फी १५०० रुपये, तातडीने हवा असेल तर वर २०००. पोलीस पडताळणी लागू शकते, तेवढे दिवस धरून चाला. जाण्याआधी आधार आणि मतदार ओळखपत्रावर आईंचं नाव अक्षरन् अक्षर सारखं आहे का ते बघा. आपला जिल्हा बेंगळूरच्या पासपोर्ट कार्यालयाखाली येतो. चंदगडचे, कोल्हापूरचे लोक पुण्याखाली, त्यामुळे तिकडच्या पाहुण्यांचा अनुभव ऐकून आपले दिवस मोजू नका.

आता महत्त्वाचं. लस आधी उरकायची म्हणताय ते आईंच्या बाबतीत करू नका. रीइश्यू झाला की पासपोर्टचा नंबर बदलतो. लसीच्या पिवळ्या कार्डावर पासपोर्ट नंबर लिहितात, ईटीए तर पूर्णपणे त्याच नंबराला जोडलेली. जुन्या नंबरावर परवानगी काढली आणि हातात नवा पासपोर्ट असला तर मुंबईला विमान कंपनीच्या काउंटरवरच अडवतील. म्हणून आधी पासपोर्ट, मग तिकीट आणि लस, मग ईटीए. हा क्रम सोडू नका.

जन्मस्थळाची चिंता सोडा. पासपोर्टवर जसं छापलंय तसंच टाइप करायचं. केनियाच्या फॉर्मला तुमच्या आधारशी देणंघेणं नाही. जिल्ह्याचं नाव २०१४ साली बदललं, त्याआधी जन्मलेल्या सगळ्यांचीच ही गत आहे.

टिळकवाडी_ताई:

मी दवाखान्यात काम करते, म्हणून लसीपुरतं लिहिते. भारतातून जाणाऱ्याला केनियात शिरताना ही लस लागत नाही, ती लागते भारतात परतताना. कार्ड नसेल तर इथे उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. ही लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारने ठरवून दिलेल्या केंद्रांवरच मिळते. आपल्याला सोयीचं म्हणजे गोव्यात मुरगावचं पोर्ट हेल्थ ऑफिस. सकाळी लवकर निघून चोर्ला घाटाने गेलात तर त्याच दिवशी परत याल. निघण्यापूर्वी फोन करून वार आणि वेळ विचारा, रोज देतातच असं नाही. मूळ पासपोर्ट सोबत हवा.

लस घेतल्यावर दहा दिवसांनी कार्ड लागू होतं आणि पुढे जन्मभर चालतं.

अप्पांबद्दल मात्र घाई नको. साठीनंतर पहिल्यांदा ही लस घेणाऱ्यांत गंभीर त्रास होण्याची शक्यता तरुणांपेक्षा जास्त असते, जरी असे प्रकार फार कमी. ही जिवंत विषाणूची लस आहे. त्यांना काही औषधं चालू असतील, प्रतिकारशक्ती कमी करणारी गोळी असेल, अंड्याची तीव्र ॲलर्जी असेल, तर नेहमीच्या डॉक्टरांना स्पष्ट सांगा आणि त्यांचं मत लेखी घेऊन केंद्रावर जा. लसीशिवाय परतताना काय होईल हेही तिथेच विचारून घ्या. मगच तिकीट काढा.

नैरोबीतला_मराठी:

दादा, मी इथेच राहतो. माझी आई मागच्या वर्षी आली होती, तिचा फॉर्म मी इथून भरला. तुमच्या बहिणीला किंवा दाजींनाच भरू द्या. पैसे त्यांच्या कार्डावरून गेले की आपल्याकडच्या कार्डांवर परदेशी व्यवहाराची सोय चालू करणं, ओटीपी न येणं, ही कटकटच राहत नाही.

लेकीकडे राहणार असतील तर हॉटेलऐवजी दाजींचं निमंत्रणपत्र जोडा. त्यात घरचा पत्ता, फोन, नातं आणि येण्या-जाण्याच्या तारखा असाव्यात. सोबत त्यांच्या पासपोर्टची, वर्क परमिटची आणि इथल्या परदेशी ओळखपत्राची प्रत. परतीचं तिकीटही लागतं. पासपोर्टच्या पानाचा फोटो काढताना वरचा दिवा चमकून नंबर पुसट होतो, तेवढं बघा. फॉर्म तिथेच अडकतो.

संकेतस्थळाचा पत्ता नीट पाहा. केनियाच्या सरकारी पत्त्याचा शेवट डॉट जीओ डॉट केई असाच असतो. गूगलवर शोधलं की वरती जाहिरातीत दुसऱ्याच कंपन्या येतात, हुबेहूब तसाच फॉर्म दाखवतात आणि दुप्पट-तिप्पट घेतात. अर्ज तीन महिने आधीपासून करता येतो. उत्तर यायला तीन कामाचे दिवस धरतात, मी तर दोन आठवडे हाताशी ठेवा म्हणेन.

आणि सामानाचं. बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू येणारच, पण काहीही प्लास्टिकच्या कॅरीबॅगेत बांधू नका. इथे २०१७ पासून त्या पिशव्यांवर कडक बंदी आहे आणि विमानतळावर काढून घेतात. स्टीलचा डबा, कापडी पिशवी उत्तम.

धागाकर्ता:

सगळ्यांचे मनापासून आभार. निपाणीवाले दादा, क्रमाचं सांगितलंत ते फार मोलाचं, पुढच्या आठवड्यात गोव्याला जायचं ठरत होतं. आता आईच्या पासपोर्टची अपॉइंटमेंट घेतो. ताई, अप्पांना रक्तदाबाची गोळी आहे, उद्याच डॉक्टरांकडे नेतो.

एकच राहिलं. आईच्या पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे परदेशी जाताना तपासणी आवश्यक असा शेरा आहे, कारण ती दहावी नाही. विमानतळावर त्यावरून अडवतील का?

निपाणीवाला:

नाही. ईसीआरची परवानगी ठरावीक देशांत नोकरीसाठी जाणाऱ्यांना लागते. त्या यादीत केनिया नाही, आणि आई तर लेकीला भेटायला चालल्यात. बिनधास्त जाऊ द्या.

नैरोबीतला_मराठी:

ईटीए मंजूर झाल्याची ईमेल आली की दोघांच्याही दोन-दोन छापील प्रती काढा, एक पासपोर्टात आणि एक आईंच्या पर्समध्ये. दाजींचा इथला नंबर आणि घरचा पत्ता इंग्रजीत मोठ्या अक्षरांत वेगळ्या कागदावर लिहून अप्पांच्या खिशात ठेवा. अधिकारी कुठे राहणार एवढंच विचारतात, तो कागद पुढे केला की पुरतं. दाजींना म्हणावं, बाहेर पडण्याच्या दारापाशी उभे राहा.