सांगलीत तिघांसाठी ‘ब्लेड्स इन द डार्क’ पहिल्यांदाच चालवायचंय, तयारी काय करू?

विश्रामबाग_टेबल

नमस्कार मंडळी. दर रविवारी दुपारी चार ते सात आमचं टेबल बसतं, मी जीएम (म्हणजे खेळ चालवणारा) आणि तीन खेळाडू. आजवर सगळं डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) पाचव्या आवृत्तीवर चाललं. पुढच्या महिन्यापासून ‘ब्लेड्स इन द डार्क’ हा गुन्हेगार टोळीचा भूमिका-खेळ घ्यायचं ठरलंय. चौघांतल्या कुणीच ते खेळलेलं नाही. पुस्तक मी एकट्याने वाचलंय, तेही अर्धं.

अडतंय ते इथे: डी अँड डीला मी नकाशा काढतो, खोल्या भरतो, राक्षसांचे आकडे लिहून ठेवतो. इथे शत्रूला आकडेच नाहीत, मग शनिवारी रात्री बसून तयार काय करायचं? टोळी तिघांचीच, ती पुरी पडेल का? एकाला पात्राचं इंग्रजी पत्रक वाचायला जड जातं, त्याचं काय करू? आणि त्या काळोख्या कालव्यांच्या शहराऐवजी आपली जुनी सांगली घेतली तर नियम कोलमडतील का?

सहापैलू

तिघं म्हणजे या खेळाला अगदी योग्य माप. पाच जण असले की प्रत्येकाच्या वाट्याला वेळ कमी येतो. तिघांत प्रत्येकाला दर दहा मिनिटांनी फासा हातात मिळतो.

पुस्तक पहिल्या पानापासून वाचू नका. आधी ॲक्शन रोल (कृतीसाठी टाकायचे फासे), मग वाईट परिणाम आणि प्रतिकार, मग क्लॉक (काम किंवा धोका किती पुढे गेला ते दाखवणारं, भाग पाडलेलं वर्तुळ), मग मोहीम कशी सुरू होते ते. एवढं पक्कं झालं की पहिलं सत्र निघतं. मोहिमेनंतरच्या उसंतीचं प्रकरण दुसऱ्या रविवारच्या आधी वाचलं तरी चालतं. शहराची माहिती आणि गटांची लांबलचक यादी सगळ्यात शेवटी. मूळ नियमांचा दस्तऐवज क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत आहे आणि पत्रकंही मोफत उतरवता येतात, तेव्हा तिघांना पुस्तक विकत घ्यायला लावू नका.

फासे साधे सहापैलूच. सुरुवातीला कौशल्य जास्तीत जास्त २, त्यात सोबत्याची मदत १ आणि स्वतःला ताणून (ताणाचे खण भरून) किंवा सैतानी सौदा करून (एखादं संकट पत्करून) आणखी १, म्हणजे एका हातात ४. ताणणं आणि सौदा यांतला एकच फासा मिळतो, दोन्ही नाहीत. टेबलावर ६ फासे असले की पुरे. ल्यूडोच्या डब्यातले चालतात.

पहिल्या रविवारचे तीन तास असे वाटा. पाऊण तास पात्रं: प्लेबुक (पात्राचा प्रकार) सातांतलं एक, त्यावर कौशल्यांचे ३ ठिपके आधीच दिलेले असतात, आणखी ४ टाकायचे, कुठलंही कौशल्य २ च्या वर न्यायचं नाही. मग एक खास क्षमता, एक मित्र, एक वैरी, एक व्यसन. पुढची वीस मिनिटं टोळीला: टिअर (टोळीची पायरी) शून्य, हातात २ कॉइन (खेळातला पैसा), दोन सुधारणा टोळीच्या प्रकारासोबत आलेल्या आणि दोन स्वतः निवडायच्या. पहिल्यांदा ‘शॅडोज’ (चोर-हेर) किंवा ‘स्मगलर्स’ (तस्कर) घ्या. त्यांचं काम काय ते एका वाक्यात कळतं. ‘कल्ट’ (गूढ पंथ) नंतर. उरलेल्या वेळात एक मोहीम पूर्ण झालीच पाहिजे, नाहीतर खेळाडू पत्रकं भरून घरी जातील आणि खेळ काय ते कळणारच नाही.

सगळ्यात मोठा घोटाळा होतो तो योजनेत. डी अँड डीतून आलेली माणसं एक तास नुसता बेत आखत बसतात. इथे तसं करायचं नाही. हल्ला, फसवणूक, चोरपाऊल, गूढविद्या, ओळखीपाळखी, वाहतूक, या सहांतला एक प्रकार निवडायचा आणि त्याचा एक तपशील सांगायचा. चोरपावलाला ‘शिरणार कुठून’, फसवणुकीला ‘थाप काय मारणार’, वाहतुकीला ‘रस्ता कुठला, साधन काय’. एवढं बोलून झालं की लगेच एंगेजमेंट रोल, म्हणजे मोहिमेची सुरुवात कशी होते ते ठरवणारा फासा. नशिबाचा १ फासा धरायचा, बाजूच्या गोष्टींसाठी वाढवायचा, विरुद्ध गोष्टींसाठी कमी करायचा. ६ आला तर सुरुवात आटोक्यात, ४-५ ला जोखमीची, १ ते ३ ला जिवावरची. म्हणजे पहिलं दृश्य थेट भिंतीवर चढलेले असताना उघडतं.

‘मग दोरी घेतली होती का आपण?’ हा प्रश्न येणारच. ओझं आधी ठरवतात: हलकं ३, मध्यम ५, जड ६ खणांचं. वस्तू मात्र लागेल तेव्हाच खूण करून काढायची. आधी करून ठेवलेल्या बंदोबस्तासाठी फ्लॅशबॅक, म्हणजे मागचं दृश्य: साधी गोष्ट ० ताण, जरा खटपटीची १, फार गुंतागुंतीची २ किंवा जास्त. हे दोन नियम खेळाडूंच्या अंगवळणी पडले की बेत आखण्याची खाज आपोआप जाते.

दोन_दान

वरचं सगळं बरोबर. मी आकड्यांबद्दल लिहितो, कारण डी अँड डीवाला जीएम इथेच फसतो.

सगळ्यात मोठा फासा मोजायचा. १ ते ३ म्हणजे फसलं, ४-५ म्हणजे जमलं पण काहीतरी अंगावर आलं, ६ म्हणजे निखळ यश, दोन ६ म्हणजे क्रिटिकल, त्याहून मोठं यश. एका फाशाला फसण्याची शक्यता ५० टक्के. दोन फाशांना २५, तीन फाशांना साडेबारा. दोन फाशांवर ४-५ ची शक्यता ४४ टक्क्यांच्या वर जाते, निखळ ६ किंवा क्रिटिकल मिळून ३१ च्या आसपास. कौशल्य शून्य असेल तर दोन फासे टाकून लहान घ्यायचा, तिथे फसण्याची शक्यता ७५. म्हणजे या खेळातला रोजचा निकाल ‘जमलं, पण…’ हाच आहे. तो ‘पण’ सुचवणं हेच जीएमचं खरं काम. शनिवारी रात्री आकडे लिहू नका, पाच-सहा ‘पण’ लिहून ठेवा.

रोलच्या आधी चार वाक्यं, याच क्रमाने. खेळाडू सांगतो काय करतोय. खेळाडूच सांगतो कुठल्या कौशल्याने. जीएम सांगतो परिस्थिती: आटोक्यातली, जोखमीची की जिवावरची. जीएमच सांगतो परिणाम: थोडा, पुरेसा की मोठा. मग फासा. परिस्थिती मोठ्याने न सांगता रोल मागितला की नंतर भांडण ठरलेलंच, कारण खेळाडूला वाटतं आपल्याला अचानक मारलं. कौशल्य जीएमने ठरवायचं नाही. कुलूप फोडायला कुणी हातघाईचं कौशल्य घ्यायचं म्हणाला तर घेऊ द्या, परिणाम ‘थोडा’ सांगा.

दुसरी चूक प्रतिकाराची. जीएमने सांगितलेला वाईट परिणाम खेळाडूला पटला नाही तर तो प्रतिकार करू शकतो, आणि प्रतिकार नेहमी यशस्वीच होतो. फासा फक्त किंमत ठरवतो: ६ उणे सगळ्यात मोठा फासा, तेवढा ताण. एका फाशाला सरासरी अडीच, दोन फाशांना दीड, तीन फाशांना एक. ताणाचे खण ९, आणि शेवटचा भरला की ट्रॉमा (मनावरची कायमची जखम) घेऊन माणूस त्या मोहिमेतून बाहेर. ही सोय खेळाडूंना माहीतच नसते, म्हणून ते घाबरून खेळतात. पहिल्या दोन रविवारी प्रत्येक फटक्यानंतर विचारा, ‘हे मान्य, की प्रतिकार?’

तिघांच्या टोळीत ताण लवकर संपतो, कारण मदतीचा १ ताण आणि ताणून घेण्याचे २ आलटूनपालटून त्याच तिघांवर पडतात. म्हणून मोहीम छोटी ठेवा: मुख्य क्लॉक ६ किंवा ८ भागांचं, सोबत धोक्याचं एक ४ भागांचं. पुरेशा परिणामाला २ भाग भरतात, थोड्याला १, मोठ्याला ३. या हिशेबाने ८ चं क्लॉक चार चांगल्या कृतींत भरतं, म्हणजे साधारण तासाभराचा खेळ. एकावेळी तीनपेक्षा जास्त क्लॉक टेबलावर ठेवू नका.

हरिपूरकर

जुन्या सांगलीबद्दल. नियम कोलमडणार नाहीत, एका अटीवर: नावं बदला, यंत्रणा बदलू नका. निदान पहिली पाच सत्रं तरी.

काळ १९३० च्या दशकाचा घ्या. १९२९ चा आयर्विन पूल नुकताच झालेला, पलीकडे सांगलवाडी, खाली कृष्णा. मूळ खेळातल्या कालव्यांचं काम नदी आणि घाट करतात. आणि टोळीच्या खेळाला लागतं ते सगळ्यात मोलाचं इथे आयतं आहे: हद्दी. सांगली हे एक संस्थान, मिरज थोरल्या पातीचं दुसरं, बुधगावला धाकट्या पातीची गादी, तासगाव इंग्रजी अमलातल्या सातारा जिल्ह्यात. घोड्यावरून तासा-दोन तासांच्या अंतरात चार अंमल. हीटसाठी (टोळीवर वळलेल्या पोलिसांच्या लक्षासाठी) चार वेगळे तक्ते करण्याचा मोह होईल, करू नका, हिशेबातच सत्र जाईल. हीट एकच ठेवा, पण पाठलागाच्या क्लॉकला ‘हद्द ओलांडली की दोन भाग पुसा’ एवढा एकच नियम जोडा.

पहिल्या मोहिमेला हरिपूरचं पेव घ्या. हळद साठवायची जमिनीखालची कोठी: वर तोंड अरुंद, आत घेर मोठा, तोंड मातीने लिंपून बंद केलेलं. गणपती पेठेतल्या एका अडत्याने हळदीच्या पोत्यांखाली काहीतरी दडवलंय, ते रातोरात काढायचं. तोंड फोडल्याबरोबर कुणी पेवात उतरत नाही, कोंडलेल्या हवेत जीव गुदमरतो. हवा खेळू द्यावी लागते आणि दिवा सोडून बघावा लागतो. खेळाच्या भाषेत हे ४ भागांचं क्लॉक झालं: ‘पेवातली हवा’. ते पूर्ण भरायच्या आत उतरायचं असेल तर परिस्थिती जिवावरची. त्याच्याच शेजारी ६ भागांचं ‘राखणदाराची फेरी’. वाट बघितली तर राखणदार येतो, घाई केली तर श्वास जातो. नकाशा लागत नाही, आकडे लागत नाहीत, आणि तिघांनाही काम मिळतं: एक आत, एक दोरावर, एक वाटेवर.

भुतंखेतं काढून टाकू नका. मूळ खेळातला ‘व्हिस्पर’ (भुतांशी व्यवहार करणारं पात्र) म्हणजे आपला भगत, देवऋषी. भुतांसाठीचं ‘चाहूल’ हे बारा कौशल्यांतलं एक काढलं तर ते ज्यात येतं त्या संकल्पाच्या गटाची गणती चुकते, कारण त्या गटात किती कौशल्यांना निदान एक ठिपका आहे त्यावर प्रतिकाराचे फासे ठरतात.

ज्याला इंग्रजी जड जातं त्याच्यासाठी ही बारा नावं वहीच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा. बुद्धीचा गट: माग काढणं, उकल, टेहळणी, खटपट. शरीराचा: हातचलाखी, दबकणं, हातघाई, तोडफोड. संकल्पाचा: चाहूल, दरडावणं, ऊठबस, गळी उतरवणं. मूळ पत्रकावरचा क्रमही हाच, त्यामुळे शेजारी ठेवून खेळता येतं.

एक गोष्ट मात्र आधी टेबलावर बोलून घ्या. गोष्ट १९४२-४३ पर्यंत नेणार असाल तर नाना पाटलांचं इंग्रजांविरुद्धचं प्रतिसरकार आणि त्याची तुफान सेना मध्ये येणारच. इथल्या घराघरांत त्यांच्या आठवणी आहेत. ती माणसं टोळीच्या यादीत ‘आणखी एक गट’ म्हणून टाकण्याजोगी नाहीत. मी स्वतः १९३८ च्या पुढे जाणार नाही.

विश्रामबाग_टेबल

मनापासून आभार. पेवाची मोहीम नक्की. दोन शंका राहिल्या. ४-५ आला की दर वेळी ‘राखणदाराने पाहिलं’ एवढंच सुचतं, दुसरं काय द्यायचं? आणि मोहीम संपली की कमाई आणि हीट किती?

दोन_दान

वाईट परिणाम पाच जातींचे असतात. पेवावरच लावून बघा. कृतीचा परिणाम घटला: पोतं सरकलं, पण हात जाईल एवढीच फट झाली. गुंतागुंत: ‘राखणदाराची फेरी’ दोन भाग पुढे. संधी गेली: दोर तोंडावरच्या दगडाला घासून तुटला, आता त्या वाटेने वर येता येत नाही. परिस्थिती बिघडली: दिवा विझला, पुढचा रोल जिवावरचा. इजा: धूळ आणि कोंडलेली हवा छातीत गेली, ‘धाप’ म्हणून दुसऱ्या पातळीची इजा, तिने अशा कामात एक फासा कमी होतो. पहिल्या पातळीच्या इजेने परिणाम घटतो, तिसऱ्याला मदतीशिवाय किंवा ताणून घेतल्याशिवाय काही करता येत नाही. जोखमीच्या परिस्थितीत दुसरी पातळी, जिवावरच्यात तिसरी, आटोक्यातल्यात पहिली. एकच जात सलग दोनदा देऊ नका.

सहापैलू

कमाई: किरकोळ काम २ कॉइन, छोटं ४, बऱ्यापैकी ६, मोठं ८. पेवाला ४ द्या. मान (टोळीचा दबदबा) २, आणि समोरचा जितके टिअर वर तितका अधिक. हीट गुपचूप झालं तर ०, थोडक्यात आवरलं तर २, गाजावाजा झाला तर ४, पार धुमाकूळ असेल तर ६. कुणाचा जीव गेला तर वर २. मग प्रत्येकाला उसंतीत दोन कामं फुकट, तिसऱ्याला १ कॉइन किंवा १ मान. त्या दोनांतलं एक काम पहिल्या वेळी व्यसनाकडे लावायला सांगा. ताण उतरायची मुख्य वाट तीच. तीन कौशल्य-गटांतला जो सगळ्यात कच्चा, त्याचे फासे टाकायचे आणि मोठ्या फाशाएवढा ताण पुसायचा. असलेल्या ताणापेक्षा फासा मोठा आला तर अतिरेक झाला आणि त्याची झळ बसते, म्हणून २-३ ताण असताना तिकडे जाऊ नये, हे खेळाडूंना आधीच सांगा.

पत्रकं झेरॉक्स करताना टोळीचं पान प्रत्येकाला नको, एकच प्रत, टेबलाच्या मधोमध. ते पान जीएमने आपल्याकडे ओढलं की खेळाडू हीट आणि मान बघायचं सोडून देतात. क्लॉक कोऱ्या कागदावर, वाटीभोवती पेन्सिल फिरवून काढा, वर नाव मोठ्या अक्षरात, आणि भाग भरताना ते तिघांच्या समोर भरा.