स्टार्टअपमध्ये प्रॉडक्ट डिझायनरची मुलाखत: पोर्टफोलिओ, असाइनमेंट, व्हाइटबोर्डची तयारी कशी करावी?

पिक्सेल_पुणेकर

एजन्सीतून प्रॉडक्ट कंपनीत जायचं आहे. छोट्या दुकानदारांसाठी पेमेंट ॲप करणाऱ्या, साधारण चाळीस माणसांच्या स्टार्टअपमधून बोलावणं आलंय. फेऱ्या चार: पोर्टफोलिओ, घरी करायची असाइनमेंट, व्हाइटबोर्ड (त्यांच्यासमोर फळ्यावर प्रश्न सोडवणं) आणि शेवटी फाउंडरशी बोलणं. एजन्सीत क्लायंटला स्क्रीन करून दिले की विषय संपतो, पुढचे आकडे कधी हातात येत नाहीत. मग केस स्टडीत, म्हणजे एकेका कामाच्या सविस्तर मांडणीत, परिणाम म्हणून काय दाखवायचं? असाइनमेंटला किती वेळ द्यावा? व्हाइटबोर्डवर नेमकं काय बघतात? 'आत्मविश्वास ठेवा' छापाचे सल्ले नकोत, प्लीज.

चौकटीबाहेर

आकडे नाहीत म्हणून बनवू नका. '४० टक्के वाढ' लिहिलंत की पुढचे प्रश्न ठरलेले: कशात ४० टक्के, किती दिवसांत, आणि त्याच काळात कंपनीची जाहिरात चालू होती का? तिथे गाडी अडते ती अडतेच. त्याऐवजी, काय मोजलं असतं ते नेमकं सांगा: केवायसीत पॅनच्या पायरीवर किती जण सोडून जातात, ओटीपी दुसऱ्यांदा किती जण मागवतात. शिवाय जुन्या कामाचा प्रोटोटाइप (टॅप करून बघता येणारा नमुना) चार-पाच दुकानदारांच्या हातात देऊन कोण कुठे अडकतं ते आजही बघता येतं. ते मात्र 'नंतर केलेली चाचणी' असं स्पष्ट लिहून दाखवा.

फेरी बहुधा ४५ ते ६० मिनिटांची. दोनच केस स्टडी न्या, प्रत्येकी पंधरा मिनिटं. उरलेला वेळ त्यांच्या प्रश्नांचा. तयार झालेला स्क्रीन पहिल्या दोन मिनिटांत दाखवा. पर्सोना (काल्पनिक वापरकर्त्याचं वर्णन) आणि एम्पथी मॅप (त्याला काय वाटतं याचा तक्ता) यांच्या स्लाइड सगळ्यांच्या सारख्याच असतात, समोरचा तिथे मोबाइल बघायला लागतो. वेळ द्यायचा तो टाकून दिलेल्या पर्यायांना. तीन मांडण्या शेजारी शेजारी ठेवा आणि दोन का गळाल्या ते सांगा: एकीत डेव्हलपरचे तीन आठवडे जास्त जात होते, दुसरीत रक्कम कीबोर्डखाली झाकली जात होती. असं. 'आम्ही केलं' म्हणालात की 'यात तुमचं काय?' हे येतंच, म्हणून प्रत्येक ठिकाणी स्वतःचा वाटा आधीच वेगळा काढून ठेवा.

बाकी क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टी. मॅकवर ब्राउझरला स्क्रीन रेकॉर्डिंगची परवानगी दिलेली नसेल तर ती दिल्यावर ब्राउझर बंद करून पुन्हा उघडावा लागतो, म्हणजे ऐन कॉलमधून बाहेर. फिग्माची (डिझाइन करायचं टूल) लिंक इनकॉग्निटोत उघडून बघा. परवानगी मागत असेल तर समोरच्यालाही मागणार. शेकडो फ्रेमची फाइल शेअर करताना अडखळते, पीडीएफ जवळ ठेवा.

रात्रपाळी

असाइनमेंटबद्दल: किती तास अपेक्षित आहेत आणि काय तपासणार, हे मेलवर विचारा. विचारल्याने कोणी नापास करत नाही. सहा ते आठ तास ठीक. त्यांच्याच चालू ॲपचा अख्खा भाग, दहा-बारा स्क्रीन, आठवडाभरात मागत असतील तर ते फुकटात काम करून घेणं आहे. तेव्हा सरळ लिहा की हाच प्रश्न दुसऱ्या प्रकारच्या ॲपवर सोडवून देतो, किंवा त्यांच्यासमोर बसून तासाभरात करून दाखवतो.

बहुतेकांची असाइनमेंट एकाच जागी पडते. सगळं नीट चाललं तर काय दिसेल तेवढंच काढलेलं असतं. यादी रिकामी असताना काय, नेट गेलं तर काय, पैसे कापले गेले पण पोचले नाहीत तर काय? चारच स्क्रीन द्या, पण या अवस्थांसकट. ३६० डीपी (स्क्रीनवरचं माप) रुंदीच्या अँड्रॉइड फ्रेमवर काढा. दुकानदारांच्या ॲपसाठी नवीन आयफोनची फ्रेम वापरली की वापरणाऱ्याचा विचार किती झालाय ते तिथेच कळतं. गृहीतकं एका पानावर.

चौकटीबाहेर

वरच्याशी अर्धा सहमत. नकार देण्याची ऐपत चार-पाच वर्षं अनुभव असलेल्याची असते. नवीन माणसाने काम दोन स्क्रीनवर आणावं आणि बाकीचं शब्दांत लिहावं.

खडू_फळा

व्हाइटबोर्डला साधारण ४५ मिनिटं मिळतात. समजा प्रश्न आला: सोसायटीच्या गेटवर पाहुण्यांच्या नोंदीचं ॲप करा. लगेच लॉगिन स्क्रीन काढायला घेतला की संपलं. पहिली सात-आठ मिनिटं फक्त विचारा: किती फ्लॅट, किती गेट, आज नोंद वहीत होते का, त्यात नेमकं काय खुपतंय? मग वापरणारा एकच निवडा आणि तो का निवडला ते बोला. इथे बरेच जण फ्लॅटमालक धरतात, पण दिवसभर ॲप हाताळणार वॉचमन. त्याच्याकडे स्वस्त फोन, उन्हात न दिसणारा स्क्रीन, मागे हॉर्न वाजवणारी गाडी. म्हणून टायपिंग कमी, बटणं मोठी (अँड्रॉइडचा किमान आकडा ४८ डीपी, ॲपलचा ४४ पॉइंट), फ्लॅट नंबर आधी, नाव नंतर.

पुढची दहा मिनिटं बाणांनी फ्लो, मग पंधरा मिनिटं दोन-तीन स्क्रीन, सुबक नसले तरी चालतील. शेवटी पाच-सात मिनिटं राखून ठेवाच: फ्लॅटमधून कोणी फोन उचलत नाही तेव्हा काय? रोजच्या कामवाल्या मावशींना रोज परवानगी मागायची का? यावर दोन शहाणे विचार जमले तर अर्धवट राहिलेला स्क्रीन कोणी आठवत नाही. गप्प बसून काढू नका, एवढंच.

पिक्सेल_पुणेकर

आभारी आहे. एचआरचा मेल आलाय की एखाद्या ॲपचं परीक्षणही करायला सांगतील, आणि त्यांचं ॲप मराठी-हिंदीत आहे. तिथे काय बोलावं?

वेलांटी

रंग आवडला नाही, हे परीक्षण नव्हे. यूपीआय ॲपचा 'पेंडिंग' स्क्रीन घ्या. गिऱ्हाइकाने पैसे दिलेत, साउंडबॉक्स बोलत नाही, रांग थांबलीय. दुकानदाराला एका नजरेत हवं ते एवढंच: रक्कम, वेळ, आले की नाही. ते तीन टॅपमागे असेल तर तो दोष. मग असं का ठेवलं असेल याचा अंदाज, आणि त्यानंतर तुमचा बदल, या क्रमाने बोला. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं दिसली तर कॉन्ट्रास्टचा (अक्षर आणि पार्श्वभूमीतल्या उजेडाच्या फरकाचा) आकडा सांगा: साध्या मजकुराला किमान ४.५:१, मोठ्याला ३:१.

देवनागरीत तीन ठिकाणी हमखास फसतं. 'पे' जिथे मावतं तिथे 'पैसे पाठवा' मावत नाही, म्हणून बटणाला ठरावीक रुंदी देऊ नका. इंग्रजीसाठी ठरवलेल्या ओळीच्या उंचीत रफार, वेलांट्या वरून आणि उकार खालून कापले जातात. दीडपट उंचीपासून सुरुवात करा. आणि अक्षरांतलं अंतर वाढवलं की शिरोरेखा तुटते, इंग्रजी शीर्षकाची स्टाइल तशीच उचलू नका. खरं जोडाक्षरांचं वाक्य टाकून तपासा.

हिशेबी

फाउंडरच्या फेरीत पगाराऐवजी ईसॉप्सचं (ठरलेल्या किमतीला कंपनीचे शेअर घेण्याचा हक्क) गाजर पुढे येईल. नुसती शेअरची संख्या ऐकून हुरळू नका. एकूण शेअर किती, घेण्याची किंमत किती, हे विचारा. वेस्टिंग, म्हणजे हा हक्क टप्प्याटप्प्याने हाती येणं, सहसा चार वर्षांत होतं. भारतात कायद्यानेच पहिलं वर्ष काही हाती येत नाही. शेअर घेताना बाजारमूल्य आणि तुमची किंमत यातला फरक पगार धरला जातो आणि त्यावर कर लागतो, शेअर विकले नसले तरी. काही पात्र स्टार्टअपमध्ये हा कर पुढे ढकलता येतो, तुमची त्यात बसते का तेही विचारा. आणि नोकरी सोडल्यावर शेअर घ्यायला किती दिवस मिळतात ते तोंडी नको, लेखी मागा. काही ठिकाणी ९० दिवसच असतात.