सुसंगतता-सॉफ्टवेअर डेबियनच्या ‘मेन’मध्ये ठेवावे की ‘कॉन्ट्रिब’मध्ये?

प्रश्न (नवा_पॅकेजर):
दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी लिहिलेले स्कॅनरचे ड्रायव्हर लिनक्सवर चालवणारा एक छोटा प्रोग्रॅम मी डेबियन या लिनक्स वितरणासाठी पॅकेज करीत आहे (म्हणजे सहज बसवता येईल असा त्याचा संच तयार करीत आहे). त्याचा परवाना जीपीएल हा मुक्त परवाना आहे आणि तो ‘मेन’ या डेबियनच्या मुख्य विभागातल्या साधनांनीच कंपाइल होतो, मात्र त्यावर लोक जे ड्रायव्हर चालवतील ते जवळजवळ सगळे बंदिस्त, म्हणजे मुक्त परवाना नसलेले, असतील. विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारा वाइन ‘मेन’मध्ये आहे आणि व्हाइस हा जुन्या कमोडोर संगणकांची नक्कल करणारा एम्युलेटर ‘कॉन्ट्रिब’ या वेगळ्या विभागात. दोन्ही मुक्त असताना हा फरक कोणत्या निकषावर केला जातो?

उत्तर (जुना_देखभालकर्ता):
लोक त्यावर काय चालवतात हा निकष नाही. पॅकेजला स्वतःचे काम करण्यासाठी काय लागते, हा आहे. ‘मेन’मधल्या पॅकेजला कंपाइल होण्यासाठी किंवा चालण्यासाठी ‘मेन’बाहेरचे काहीही लागता कामा नये, असे डेबियनचे धोरण सांगते. जी मुक्त पॅकेजे अशा बाहेरच्या गोष्टींवाचून चालतच नाहीत, तसेच जी केवळ एखाद्या अमुक्त प्रोग्रॅमचे वेष्टन किंवा जोडसाधन आहेत, ती ‘कॉन्ट्रिब’मध्ये जातात. व्हाइस सुरू होण्यासाठीच मूळ यंत्राचे रॉम (त्यात कायमचे साठवलेले प्रोग्रॅम) लागतात आणि ते मुक्त नसल्याने पॅकेजसोबत देता येत नाहीत. वाइनचे तसे नाही: १९९३ पासून चाललेल्या या प्रकल्पाने विंडोजची लायब्ररी नव्याने लिहिली आहे, त्यामुळे मायक्रोसॉफ्टची एकही फाइल नसताना तो उभा राहतो, आणि ‘मेन’मधल्याच मिंगडब्ल्यू कंपायलरने तयार केलेला मुक्त प्रोग्रॅम त्यावर चालवता येतो. वाइनचे पूरक साधन वाइनट्रिक्स मात्र ‘कॉन्ट्रिब’मध्ये आहे, कारण त्याचे मुख्य काम बाहेरचे, बहुतांशी बंदिस्त घटक उतरवून बसवणे हेच आहे.

उत्तर (शंकेखोर):
वाइनबद्दल वाद नाही, पण प्रस्तुत प्रोग्रॅम वाइनपेक्षा एनडिसरॅपरच्या जवळचा आहे. विंडोजचे वायरलेस ड्रायव्हर लिनक्समध्ये वापरू देणाऱ्या त्या पॅकेजचा वाद २००६ मध्ये डेबियनमधले तांत्रिक वाद सोडवणाऱ्या तांत्रिक समितीपुढे गेला होता. एखादा मुक्त ड्रायव्हर कुठेतरी अस्तित्वात आहे, एवढ्यावर पॅकेज ‘मेन’मध्ये ठेवावे काय, हा त्यातला खरा पेच होता. असा ड्रायव्हर प्रत्यक्षात कोणीच वापरत नसेल, तर तो आधार मला तरी केवळ कागदी वाटतो. शेवटी पॅकेज ‘मेन’मध्ये राहिले, हे मान्य, तरीही ‘चालण्यासाठी लागते’ याचा अर्थ ‘उपयोगी पडण्यासाठी लागते’ असा घ्यावा की नाही, हे धोरणाच्या शब्दांतून आपोआप ठरत नाही.

नवा_पॅकेजर:
मूळ लेखकांनी चाचणीसाठी एक मुक्त ड्रायव्हर सोबत दिला आहे. तो खऱ्या स्कॅनरशी बोलत नाही, फक्त ठरावीक नमुनाचित्र परत करतो. एवढे पुरेसे ठरेल का?

उत्तर (जुना_देखभालकर्ता):
शंकेखोर यांचा आक्षेप येथे मात्र मला पटतो. चाचणीच्या ड्रायव्हरमुळे प्रोग्रॅम चालतो हे सिद्ध होते, पण स्कॅन करण्याचे त्याचे घोषित काम होत नाही. वाइनचे घोषित काम मुक्त प्रोग्रॅमवरही पूर्ण होते. खऱ्या यंत्रासाठीचा एक जरी मुक्त ड्रायव्हर मिळाला तरी मी ‘मेन’चा आग्रह धरीन, तोवर ‘कॉन्ट्रिब’ योग्य.

उत्तर (संग्रह_वाचक):
विभाग कायमचा नसतो. पूर्वी सनच्या जावावर अवलंबून असलेले कितीतरी मुक्त प्रोग्रॅम ‘कॉन्ट्रिब’मध्ये होते, ओपनजेडीके ही जावाची मुक्त आवृत्ती आल्यावर त्यांचा ‘मेन’मध्ये येण्याचा मार्ग मोकळा झाला. ‘कॉन्ट्रिब’ हा औपचारिकदृष्ट्या डेबियनचा भाग नाही आणि सुरक्षा गटाचे नियमित पाठबळही त्याला मिळत नाही, एवढे ध्यानात ठेवून वर्णनात ‘ड्रायव्हर वेगळे मिळवावे लागतात’ असे स्पष्ट लिहावे. पुढे ‘मेन’मध्ये जाताना अमुक्त ड्रायव्हरचे एखादे पॅकेज नोंदवायचे झाल्यास ते ‘सजेस्ट्स’ (नुसती सूचना) या यादीत चालेल, ‘रेकमेंड्स’ (शिफारस) या यादीत नाही.