गो: पाया म्हणजे नेमकं काय?

नमस्कार मंडळी, गो हा काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांचा पटावरचा खेळ खेळणाऱ्यांची मदत हवी आहे. जो तो सांगतो, 'आधी बेसिक्स पक्के कर.' पण त्यात काय काय धरायचं? दोन डोळे (गटाने वेढलेल्या दोन वेगळ्या रिकाम्या जागा) झाले की गट जगतो, शिडी आणि जाळं (सोंगट्या पकडायचे डाव), हे तर आलंच. कोपऱ्यातले जोसेकी, म्हणजे ठरलेल्या चालींचे क्रम, घोकायला मात्र मन घेत नाही. २०१६ मध्ये अल्फागो या संगणक प्रोग्रामने कोरियाचा अव्वल खेळाडू ली सेडोल याला ४-१ ने हरवलं, त्यानंतर सुरुवातीलाच ३-३ वर (कोपऱ्यात दोन्ही कडांपासून तिसऱ्या रेषेवर) घुसणं सर्रास झालं. म्हणजे ठरलेल्या चालीही बदलतातच!

माझी खरी अडचण तिथेच आहे. समोरचा ३-३ वर शिरून कोपरा घेतो, मला बाहेर सोंगट्यांची भिंत मिळते. भिंतीला चिकटून जागा बांधायची नाही, समोरच्याला तिच्याकडे ढकलायचं, एवढं कळतं. पण सुरुवात कुठून करायची? ही दिशेची जाण पायाभूत गोष्टींतच मोडते का? आणि ती यायला १९×१९ च्या मोठ्या पटावरच खेळत राहू, की आधी ९×९ च्या छोट्या पटावर जगणं-मरणं घोटून घेऊ?